उरल्या उन्हाचं पाणी

सहादू भिंगारदिवे यानं एकतीस वर्षं भिंगारच्या छावणीत वायरमनचं काम केलं. ज्याचा मेनबोर्ड त्यानं एकदा तरी उघडला नाही, असा बंगला तिथे नव्हता. साहेब बदलून जायचे, नवे यायचे, पण पंखा घरघरला की निरोप यायचा तो सहादूलाच. खांद्याला कॅनव्हासची पिशवी, खिशात टेस्टर आणि बोलण्यात थोडी ऐट. आडनावावरून लोक थट्टा करायचे, "भिंगारदिवेच तो, दिवे लावणार न्हाई तर काय करणार!" त्यालाही ही थट्टा आवडायची.

त्र्याण्णव साली तो निवृत्त झाला आणि सरकारी खोली सुटली. पाथर्डीच्या रस्त्याला, भिंगारच्या बऱ्याच पलीकडे, माळाचा एक तुकडा त्यानं आधीच घेऊन ठेवला होता. तिथे त्यानं पत्र्याच्या तीन खोल्या बांधल्या. आजूबाजूला सात-आठ घरं, एक हातपंप, वेडी बाभूळ आणि वारा. विजेचा शेवटचा खांब मात्र डांबरी रस्त्यालाच थांबलेला. "पुढच्या वर्षी खांब येणार" ही बातमी वस्तीवर दरवर्षी यायची, खांब तेवढा यायचा नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या घरात उजेड करणाऱ्या माणसाच्या घरी दिवेलागणीला रॉकेलची चिमणी पेटायची. सहादूला हे फार लागलं. पाहुणा आला की तो दिवस मावळायच्या आत त्याची बोळवण करायचा.

त्याची बायको कलाबाई. बेलापूरकडची, गुऱ्हाळावर राबणाऱ्या माणसाची मुलगी. चौदाव्या वर्षी लग्न होऊन आली. शाळेची पायरी चढलेली नव्हती. बोलायची कमी. पण तिची नजर अशी, की घरात वाटीची जागा बदलली तरी तिला कळायचं. फावल्या वेळात गोधड्या शिवायची, आणि तिचा टाका इतका एकसारखा की मोजून घातल्यासारखा वाटावा. एकुलती एक मुलगी जयमाला नेवाशाकडे शाळेत शिक्षिका होती. त्यामुळे माळावरच्या घरात दोघंच.

भिंगारच्या बाजारात महमूदभाईंचं भंगाराचं दुकान होतं. सहादूचं आणि त्यांचं जुनं सख्य. कुठल्याशा डोंगरावरच्या वायरलेसच्या मनोऱ्याचं सामान बदललं, तेव्हा लिलावात त्यांच्याकडे सोलरच्या सहा प्लेटा आल्या. एकीचा कोपरा चिरलेला.

"सहादूभाई, बघा बरं या काचा," महमूदभाई म्हणाले. "उन्हात धरलं की बल्ब लागतो. पण मला काय उपयोग? तुमच्याकडं अक्कल हाय, माझ्याकडं नुसता वजनकाटा."

सहादूनं त्या प्लेटा हातगाडीवर घालून घरी आणल्या, पत्र्यावर लोखंडी अँगल ठोकून बसवल्या. दोन ट्रकच्या बॅटऱ्या पडवीत मांडल्या. चौऱ्याण्णवच्या दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवशी, वस्तीवरची माणसं अंगणात जमवून त्यानं खटका दाबला. तीन खोल्यांत तीन दिवे लागले. पुढे एक छोटा टीव्हीही आला, आणि रविवारी वस्तीवरची निम्मी माणसं त्याच्या घरात बसू लागली. सहादूची गेलेली ऐट परत आली.

प्लेटा पुसायचं काम कलाबाईकडे कसं गेलं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. "धूळ बसली की दिवा मंद व्हतोय," असं ती एकदा म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी शिडी लावून, पदर खोचून, ओल्या फडक्यानं सहाही काचा पुसायला लागली.

त्या हिवाळ्यात माळावर थंडी कडक पडली. हातपंपाचं पाणी हाताला लागलं की बोटं वाकायची नाहीत. न्हाणीमागच्या चुलीवर कलाबाई रोज पाण्याचा डबा तापवायची. लाकूड वेड्या बाभळीचं, निम्मं ओलं. धुरानं तिचे डोळे लाल व्हायचे आणि खोकला दुपारपर्यंत थांबायचा नाही. सहादू अंगावर गरम पाणी घ्यायचा, टॉवेल गुंडाळून उन्हात येऊन बसायचा. तो खोकला त्याच्या कानांवर पडायचा, पण इतक्या वर्षांत कानांना त्याची सवय झालेली.

एके दुपारी ती पडवीत गोधडी शिवत बसली होती. सहादू शेजारी पेपर वाचत होता. बॅटऱ्यांतून बारीक बुडबुड्यांचा आवाज येत होता.

"आवो, ही अशी का वाजतीय?" तिनं विचारलं.

"भरली. पोट भरल्यावर आनखी घातलं की उकळती. आता वायर काढून ठेवायची."

"मंग वरच्या काचा?"

"त्या बसत्यात."

"नुसत्या?"

"नुसत्या. सांजच्यापर्यंत."

तिनं दोन-चार टाके घातले. मग सुई कापडात तशीच ठेवून म्हणाली, "नुसत्या बसत्यात तवर माझं पानी तापवाया सांगा की त्यास्नी."

सहादू मोठ्यानं हसला. "येडी का काय! पानी तापवायला लई करंट लागतो. साहेबांच्या गिझरला दोन हजार वॅट लागायचे. ह्या साऱ्या मिळून दोनशे बी न्हाईत."

"आन् घाई कुनाला हाय? चार तास पडल्यात की. हळूहळू तापंल. सांजच्याला तापलेलं सकाळपत्तुर ऱ्हायला मी गोधडीत गुंडाळीन."

त्यानं हात झटकून तो विषय सोडून दिला. पण दुसऱ्या दिवशी महमूदभाईंच्या दुकानात त्यानं ही गोष्ट चहाबरोबर गंमत म्हणून सांगितली. महमूदभाई हसले नाहीत. वजनकाट्याच्या पारड्यात बोटं वाजवत ते म्हणाले, "भाभी बरोबर बोलतायत, सहादूभाई. तुम्ही मोठ्या साहेबाच्या गिझरचा हिशोब करता. त्यांनी एका बादलीचा केला."

सहादूला ते झोंबलं, आणि पटलंही. दुकानातच त्याला एक जुनी इस्त्री सापडली. तिची कॉईल त्यानं काढली, तिचे सारखे नऊ तुकडे केले आणि ते शेजारीशेजारी जोडले, म्हणजे कमी दाबाच्या विजेवरही ते तापतील. तांब्याच्या नळीत कोरडी वाळू भरून त्यात ते बसवले. तेलाचा वीस लिटरचा डबा घासून त्यात ती नळी सोडली. डबा लाकडी खोक्यात, खोक्यात चारी बाजूंनी गव्हाचा भुसा, आणि वरून कलाबाईची चार पदरी गोधडी. पडवीच्या भिंतीवर त्यानं एक दांडीचा खटका लावला. दांडी वर असली की प्लेटांची वीज बॅटरीला जायची, खाली ओढली की पाण्याला.

पहिल्या दिवशी सूर्य कलल्यावर दोघांनी गोधडी उचलून पाहिलं. कलाबाईनं कोपरापर्यंत हात आत घातला आणि तसाच ठेवला. पाणी काही चटका बसण्याएवढं नव्हतं. पण तान्ह्या लेकराला घालावं इतकं ऊन होतं.

"तापलं की वं," ती म्हणाली. एवढंच. पण तिचा चेहरा असा झाला होता की सहादूनं मान वळवली. इतकी वर्षं संसार करून तिला एवढ्याचंच सुख व्हावं, याची त्याला लाज वाटली असावी.

पुढचं वर्षभर तो खटका कलाबाईच्या हातात होता. सहादू जोडणी करून मोकळा झाला. ती कधी ओढायची, हे तिचं तिनं शोधून काढलं. अंगणातल्या शेवग्याची सावली धुण्याच्या दगडाला टेकली आणि बॅटरी वाजू लागली की दांडी खाली. आभाळ आलं असेल तर ती सकाळीच सांगायची, "आज पानी न्हाई. आज दिवं तरी लागू द्या." चुकून कधी सहादूनं तिचं न ऐकता खटका ओढला, तर त्या दिवशी बातम्यांच्या मध्येच टीव्ही मिटायचा. दुपारनंतर प्लेटा पश्चिमेकडे कलत्या केल्या तर पाणी जास्त तापतं, हेही तिनंच सांगितलं. त्यासाठी सहादूनं अँगलला बिजागऱ्या लावल्या. शेजारची पुष्पावती बाळंत झाली, तेव्हा बाळाला न्हाऊ घालायला रोज संध्याकाळी एक बादली त्या डब्यातून जायची. ती बादली कलाबाई स्वतः नेऊन द्यायची, आणि येताना जरा रेंगाळायची. चुलीपुढचा खोकला त्या वर्षी ऐकू आला नाही. सहादूला पुढे वाटायचं, आपल्या संसारातलं तेच एक वर्ष खऱ्या अर्थानं दोघांचं होतं.

शहाण्णवच्या फेब्रुवारीत प्रवीण नावाचा एक तरुण बातमीदार एम-एटी गाडीवरून वस्तीवर आला. नगरच्या एका दैनिकाला तो तालुक्यातल्या बातम्या द्यायचा. पुष्पावतीच्या नवऱ्यानं त्याच्या कानावर ही गोष्ट घातली होती. प्रवीणनं डबा पाहिला, प्लेटा पाहिल्या, पाण्यात बोट बुडवून "कमाल आहे!" म्हणाला. मग अंगणात खुर्चीवर बसून त्यानं वही उघडली.

"काका, ही कल्पना तुम्हाला सुचली कशी?"

कलाबाई त्याच वेळी चहाचे कप घेऊन दारात आली होती. सहादूनं तिला पाहिलं. उत्तर तीन शब्दांचं होतं: ही हिची कल्पना. ते त्याच्या तोंडात आलंही होतं. पण समोर वही उघडी होती, पेन थांबलेलं होतं, वस्तीवरची पाच-सहा माणसं भोवती उभी होती. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती आणि या तीन वर्षांत कुणी त्याला कसला प्रश्नच विचारला नव्हता.

"एकतीस वर्षं विजेत काढली, साहेब," तो म्हणाला. "डोक्यात काही ना काही चालूच असतं. एक दिवस इथंच बसलो होतो. बॅटरी भरून उकळताना ऐकली. मनात आलं, वरच्या काचा आता नुसत्या बसणार. नुसत्या बसत्यात तवर पाणी का तापवू नये?"

तिचेच शब्द. जवळजवळ जसेच्या तसे. कलाबाईनं कप स्टुलावर ठेवले. एकही थेंब सांडला नाही.

मग फोटोची वेळ आली. सहादू खोक्यावर हात ठेवून उभा राहिला. कलाबाई खोक्याच्या पलीकडे उभी होती, गोधडीची घडी हातात घेऊन; झाकण काढलेलं होतं, म्हणून. प्रवीण काही बोलला नव्हता. सहादूच म्हणाला, "कले, जरा बाजूला सर. सावली पडतीय."

सावली पडत नव्हती. ऊन समोरून होतं.

बातमी चार दिवसांनी आली. "निवृत्त वायरमनची किमया", आणि खाली खोक्यावर हात ठेवलेला सहादू. भिंगारच्या बाजारात लोकांनी त्याला थांबवून हात मिळवला. विहारात पुढच्या रविवारी शाल आणि पुष्पगुच्छ देऊन सत्कार झाला. बायांच्या बाजूला बसून कलाबाईनं टाळ्या वाजवल्या. महमूदभाईंनी बातमी कापून दुकानातल्या भिंतीला डकवली. पण त्या दिवशी चहा पिताना ते एवढंच म्हणाले, "भाभींचा फोटो आला असता तर बरं झालं असतं." सहादूनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

सुट्टीला जयमाला आली. तिनं घरात जपून ठेवलेलं कात्रण उभ्या उभ्या वाचलं.

"आबा, आईचं नाव नाही ह्याच्यात?"

"आगं, पेपरवाले काय सगळं छापत्यात व्हय? मी सांगितलं हुतं."

हे तिसरं खोटं. आधीच्या दोन्हींपेक्षा सोपं गेलं. आतून भाकरी थापताना कलाबाई म्हणाली, "नाव कशाला पायजे गं? नावानं पानी तापतंय का?" आणि हसलीसुद्धा. तिचं हसणं ऐकून सहादूचा जीव भांड्यात पडला. चला, मिटलं, असं त्याला वाटलं.

बातमीनंतर सहादूला कामं येऊ लागली. कुणाची मोटर, कुणाचं फिटिंग. तो सकाळी जेवून भिंगारला जायचा तो चार वाजता परतायचा. एप्रिलमधल्या एका दिवशी तो आला, तेव्हा पडवीत तिखट वास सुटला होता. दोन्ही बॅटऱ्या हाताला लागू नयेत इतक्या तापल्या होत्या. झाकणं उघडून पाहिलं तर आतलं पाणी आटून शिशाच्या पट्ट्या उघड्या पडलेल्या. दांडी वरच होती. उन्हाळा लागल्यापासून तो गार पाण्यानंच आंघोळ करत होता, त्यामुळे किती दिवस ती खाली ओढली गेली नव्हती कोण जाणे. डब्यातलं पाणी हातपंपाच्या पाण्याइतकंच गार होतं.

सहादूचं डोकं फिरलं. "घरात बसून काय करत हुतीस? साधा एक खटका खाली वढता येत न्हाई तुला?"

कलाबाई तांदूळ निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. "तुमी केलंय. तुमीच बघा."

तिच्या आवाजात राग असता, तर सहादूला भांडता आलं असतं. राग नव्हता. छावणीतल्या साहेबांच्या बायकांशी ती जशी बोलायची, तसा तो आवाज होता. खाली मान घालून, हातातलं काम न थांबवता. सहादूला आतून कळलं की काय झालंय. त्याच क्षणी तो तिच्यासमोर खाली बसला असता, तांदळाचं सूप बाजूला सारून म्हणाला असता, "चुकलं माझं," तर गोष्ट तिथेच संपली असती. पण तो पडला कारागीर. बिघाड दिसला की दुरुस्ती, एवढंच त्याला ठाऊक. त्यानं महमूदभाईंच्या भंगारातून एक रिले शोधला, आठ दिवस खटपट केली आणि बॅटरी भरली की वीज आपोआप पाण्याकडे वळेल अशी सोय केली. भरल्या बॅटरीला बरोबर दुपारी "टक्" असा आवाज व्हायचा आणि पाणी तापायला लागायचं. कुणाला सावली बघायला नको, कान द्यायला नको, दांडी ओढायला नको.

"बघ," तो तिला कौतुकानं म्हणाला, "आता तुला कायबी करायला नको."

"बरं झालं," कलाबाई म्हणाली.

तो 'टक्' ऐकण्यात सहादू इतका दंग होता, की पावसाळा उलटेपर्यंत दुसरं काही त्याच्या लक्षात आलं नाही. मग एका सकाळी नाकाला धुराचा वास आला म्हणून तो न्हाणीमागे गेला. कलाबाई चुलीपुढे बसून फुंकणीनं फुंकत होती. वर पाण्याचा डबा.

"आगं, ते पानी हाय की तापलेलं!"

"हाय ना. तुमचं काढून ठेवलंय बादलीत."

"मंग हे?"

"हे माझं. त्या पान्याला वास येतोय."

सहादूनं ते पाणी ओंजळीत घेऊन हुंगलं. वास कसलाही नव्हता. पाहुण्याला, पुष्पावतीच्या लेकराला, नवऱ्याला ती त्याच डब्यातलं पाणी द्यायची. स्वतःच्या अंगावर मात्र त्यातला तांब्याभरही घेईना. प्लेटा पुसायचंही तिनं कधी सोडलं, त्याला आठवेना. त्या तो स्वतःच पुसू लागला होता, आणि पुसताना गुडघे दुखायचे. तिचा खोकला परत आला होता. आता तो त्याला ऐकू यायचा, रोज, आणि कान बंद करता यायचे नाहीत.

सांगायचं त्यानं अनेकदा ठरवलं. जेवताना ठरवायचा, तेवढ्यात ती मीठ आणायला उठायची. प्रवीणला बाजारात गाठून त्यानं एकदा विषय काढला, "ते छापलं हुतं ना, त्यात जरा दुरुस्ती..." प्रवीण हसून म्हणाला, "काका, दीड वर्ष झालं! आता त्याला कोण वाचतंय?" आणि गाडीला किक मारून निघून गेला. खरंही होतं. पेपरात छापलं गेलं ते तसंच राहिलं. जे घरात बोलायचं होतं, ते बोलायला सहादूला पेपर लागत होता, हेच त्याचं दुखणं.

अठ्ठ्याण्णवच्या विज्ञान दिनाला एका इंजिनिअरिंग कॉलेजानं त्याला बोलावलं. 'ग्रामीण संशोधक' म्हणून दहा मिनिटं बोलायचं. पत्र आलं तसं सहादूच्या मनानं घेतलं, हीच वेळ. चारशे माणसांसमोर सांगू.

"तू चल माझ्यासंगं," तो कलाबाईला म्हणाला.

"मी कशाला?"

"मी तिथं सांगनार हाय."

"काय?"

"डोकं तुझं हुतं म्हनून."

ती म्हणाली, "मला खुर्चीत बसवत न्हाई. गुडघं दुखत्यात. तुमी जाऊन या."

तो एकटा गेला. इस्त्रीची पँट, विहारातली शाल. पोरांनी भरलेलं सभागृह, पंख्यांचा आवाज. कॉईलचे नऊ तुकडे, वाळूची नळी, भुशाचं खोकं, सगळं त्यानं नीट सांगितलं. मग घसा साफ करून म्हणाला, "आणि खरं सांगायचं तर ही कल्पना माझी न्हाई. माझ्या मंडळीची हाय. ती शाळा शिकलेली न्हाई. पण उरलेल्या उन्हाचं पाणी तापवा, हे तिनंच सांगितलं. मी तर तिला हसलो हुतो."

सभागृह हसलं. वाईट मनानं नव्हे. गोड काहीतरी ऐकल्यासारखं हसलं, टाळ्याही पडल्या. सूत्रसंचालन करणारे प्राध्यापक माईकवर म्हणाले, "काकांचं काकूंवर फार प्रेम दिसतं!" पुन्हा हशा. सहादू म्हणाला, "न्हाई, न्हाई, खरंच सांगतोय मी," तर आणखी मोठा हशा. मग एका विद्यार्थ्यानं रिलेबद्दल प्रश्न विचारला आणि दहा मिनिटं संपली.

पाथर्डीच्या एस.टी.नं तो चारच्या सुमारास फाट्यावर उतरला आणि चालत घरी आला. कलाबाई पडवीत गोधडी घेऊन बसली होती.

"झालं भाषन?"

"झालं." तो तिच्यापुढे जमिनीवरच बसला, पँटची इस्त्री न बघता. "मी सांगितलं तिथं. तुझं हुतं म्हनून."

"मंग?"

"हसले."

"हसनारच," ती म्हणाली. "आदी तुमी हसला हुता. मंग ते का न्हाई हसनार?"

तो म्हणाला, "कले, मी त्या दिवशी पेपरवाल्याला खोटं सांगितलं. जयमालालाबी. सावली बी पडत नव्हती."

"ठावं हाय मला."

"तू बोलली का न्हाईस?"

"मी बोलायचं? मला वाटलं तुमी बोलाल. आठ दिस वाट बघितली. मंग महिना बघितली." तिनं दोरा दातानं तोडला. "त्यानंतर खटका वढायला हातच व्हईना. उगी दुसऱ्याच्या वस्तूला हात लावल्यावानी वाटायचं."

मग कितीतरी वर्षांत न विचारलेला एक प्रश्न त्याच्या तोंडून निघाला. "तुला सुचलं कसं गं ते?"

कलाबाईनं सुई थांबवली. आणि सांगू लागली. तिचा बाप गुऱ्हाळावर चुलवाणात जाळ घालायचा. आत रसाच्या काहिलीला त्याला शिवू देत नसत, त्यानं बाहेरनं नुसती चिपाडं सारायची. काहील उतरली की पुढची चढेपर्यंत चुलवाण तसंच लालबुंद धगधगत असायचं. तेवढ्या वेळात बाप मडकी भरून चुलवाणाच्या तोंडाशी रांगेनं मांडायचा. वस्तीतल्या बाया पोरं घेऊन यायच्या. थंडीच्या दिवसांत तिची आई तिला तिथंच, उघड्यावर, आंघोळ घालायची. "जाळ उसाचा, ऊस मालकाचा. पर उरल्याली धग आमची," ती म्हणाली. "त्या काचा नुसत्या बसल्यात म्हनला तुमी, तवा मला माझा बाप दिसला."

चौतीस वर्षांच्या संसारात सहादूनं हे कधी ऐकलं नव्हतं. सासरा त्याला एक बुटका, मुका माणूस म्हणून आठवत होता. हातांवर भाजल्याचे डाग होते, ते कशाचे हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

"हे तू मला कवा सांगितलं न्हाईस."

"तुमी कवा इचारलं न्हाई."

पुढच्या वर्षी वस्तीवर खरोखर खांब आले. नारळ फुटला, घरोघरी मीटर बसले. जयमालानं आईसाठी पाणी तापवायचा रॉड घेऊन दिला, तो खुंटीला टांगून राहिला. पावसात प्लेटांची आतली जोडणी गंजत गेली. दोन बंद पडल्या, मग चार. सहादूनं त्या उतरवल्या आणि महमूदभाईंच्या दुकानात नेऊन ठेवल्या. महमूदभाईंनी चहा मागवला.

चुलीची लाकडं आता सहादू फोडतो. ओलं लाकूड तो घरात येऊ देत नाही. आधी महिनाभर पत्र्यावर वाळवतो, जिथे प्लेटा होत्या तिथेच. धूर त्यामुळे कमी झालाय. पण तिचा खोकला पुरता गेलेला नाही, आणि डॉक्टर म्हणतात, आता जायचा नाही.

भाषणाहून परतल्यावर त्या दिवशी दोघं मोकळेपणानं बोलली, तेव्हा सहादूला वाटलं होतं की दार उघडलं. त्याच उमेदीनं तो तिला सगळं विचारू लागला. स्वयंपाकघराला खिडकी कुठं पाडायची, माळाच्या कडेला काय लावायचं, नवीन दिवा पडवीत बसवायचा की न्हाणीत. खिडकीच्या वेळी तर त्यानं हातात कोळसा देऊन तिला भिंतीपुढे उभं केलं. "तू सांग. तू म्हनशील तिथं पाडतो."

कलाबाईनं भिंतीकडे पाहिलं. तिला ठाऊक होतं, सहादूला कळत होतं की तिला ठाऊक आहे. ऊन कुठून येतं, वारा कुठून, धूर कुठं जाईल. क्षणभर तिचा हात उचलल्यासारखा झाला. मग तिनं कोळसा त्याच्या तळहातावर परत ठेवला.

"तुमी म्हनाल तसं," ती म्हणाली, आणि पीठ मळायला आत गेली.